मृगाच्या किड्याचे भाऊबंद

मृगाचा पाऊस पडून काळी जमीन वाफशावर आली, की खानदेशातल्या पहूरच्या शिवारात लाल मखमलीचे ठिपके चालायला लागतात. पोरं ते काडेपेटीत भरून ठेवतात. म्हातारी माणसं त्यांच्याकडे बघून पेरणीचा अंदाज बांधतात. हा मृगाचा किडा खरं तर किडा नव्हेच. त्याला आठ पाय असतात आणि तो कोळी, विंचू, गोचीड यांच्या गोतावळ्यातला आहे. याच गोताची दुसरी शाखा खानदेशातल्या शेतकऱ्याला चांगलीच ठाऊक आहे. पपईच्या नाहीतर कपाशीच्या पानामागं जाळी धरणारा लाल कोळी म्हणजे तीच. कृषी केंद्रात त्याच्यासाठी वेगळी बाटलीच मागावी लागते. तिसरी शाखा मात्र कुणाच्या नजरेत येत नाही. ती असते उंदराच्या, घुशीच्या, चिचुंद्रीच्या अंगावर. तिचा माग काढायचा तर पहूरहून मुंबई, लंडन, सुमात्रा, इम्फाळ, पुणे अशी मोठी फेरी मारावी लागते. पहूरला काही घडलं म्हणून ही गोष्ट सांगत नाही. वाघूर नदीच्या काठावरून ती जशी दिसते तशी सांगतो.

उंदराच्या अंगावरचे हे कोळी सगळे एका माळेचे मणी नाहीत. काही जन्मभर उंदराच्या केसांत आणि बिळातल्या गवताच्या गादीत राहतात. काही बिळात दबा धरून असतात आणि उंदीर झोपला की रक्त पिऊन परत जातात. आणि एक जात अशी आहे, जी उंदराची कधी नसतेच. तिला चिगर म्हणतात. मोठा झालेला चिगर जेमतेम मिलिमीटरभर, केसाळ, कमरेत आवळलेला. मृगाच्या किड्याची जणू छोटी आवृत्ती. तो मातीच्या वरच्या थरात राहतो आणि कीटकांची अंडी खातो. त्याला उंदराची गरज नाही की माणसाची. फक्त अंड्यातून बाहेर पडलेलं त्याचं पिल्लू, सहा पायांचं, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढं, नारिंगी, आयुष्यात एकदाच गरम रक्ताच्या प्राण्याला चिकटतं.

ते कसं चिकटतं हे जवळून बघण्यासारखं आहे. पिल्लं गवताच्या बुडाशी, पालापाचोळ्यावर घोळक्यानं थांबतात. उंदीर जवळून गेला, त्याचा श्वास लागला, की हलतात आणि अंगावर चढतात. चढल्यावर थेट कान गाठतात, कारण तिथली कातडी पातळ आणि उंदराला तिथं नीट खाजवता येत नाही. रक्त ती पीत नाहीत. लाळ सोडतात. त्या लाळेनं कातडीचा तेवढा भाग विरघळतो आणि लाळेचीच एक बारीक नळी कातडीत घट्ट होते. त्या नळीतून विरघळलेलं पातळ ओढलं जातं. दोन दिवस, चार दिवस, कधी आठ-दहा दिवसही हे चालतं. मग पोट भरलेलं पिल्लू गळून मातीत पडतं आणि पुन्हा कधी कुणाच्या अंगावर चढत नाही. पकडलेल्या उंदराचा कान भिंगाखाली धरला तर कडेला हळदीत केशर कालवल्यासारखा दाणेदार थर दिसतो. एका कानात शेकड्यानं पिल्लं असू शकतात.

त्या लाळेतून कधीकधी एक जिवाणू जातो. आज त्याचं नाव ओरिएन्शिया सुत्सुगामुशी. माणसाच्या अंगात तो शिरला की जो ताप येतो त्याला स्क्रब टायफस म्हणतात. यातली मेख अशी की हा जिवाणू कोळ्याच्या आईकडून अंड्यात उतरतो. पिढ्यान्‌पिढ्या तो कोळ्याच्याच वंशात वाहत राहतो. उंदीर पिल्लांना पोसतो, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर नेऊन सोडतो, पण तापाचं कोठार उंदीर नव्हे. कोठार कोळी आणि ती माती. एवढी साधी गोष्ट कळायला माणसाला फार वेळ लागला. माझ्या मते त्याचं एक कारण प्लेग आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत खानदेशात गावोगाव पसरला. घरात उंदीर पडला की गाव सोडायचं आणि शेतात झोपड्या टाकायच्या, ही रीत इथल्या घराघरांत आजीच्या तोंडून आजवर पोचली आहे. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यानं कराचीत दाखवून दिलं की उंदराकडून माणसाकडे रोग नेते ती पिसू. १९०५ पासून मुंबईत प्लेग संशोधन आयोगानं गिनीपिग आणि पिंजरे घेऊन ते पक्कं केलं. तेव्हापासून तापाची साथ म्हटली की सरकारी माणसाची आणि गावकऱ्याची नजर आधी उंदराकडे जाते. प्लेगपुरती ती नजर बरोबरच होती. पण ती डोळ्यांत कायमची बसली.

याच प्लेगच्या कामातून उंदरावरच्या कोळ्यांची ओळख झाली, तीही आडवळणानं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटचा आर्थर बेकट हा मूळचा कारकून आणि हौसेनं पतंग पाळणारा माणूस. त्यानं १९१४ मध्ये सी. जे. मार्टिनबरोबर पिसूच्या जठराच्या तोंडाशी प्लेगचे जंतू कसे अडकून बसतात हे शोधलं. उंदराच्या बिळात दबा धरणाऱ्या एका कोळ्याला ब्रिटिश म्युझियमच्या स्टॅनली हर्स्टनं १९१३ मध्ये याच बेकटचं नाव दिलं. आजही जगभर गोदामांतल्या माणसांना चावणाऱ्या उंदीर-कोळ्याच्या नावात ‘बेकोटी’ आहे. उंदीर मेला की हा कोळी भुकेला होतो आणि माणसाकडे वळतो. उंदीर मारण्याच्या मोहिमा आखणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवायला हवं होतं. बेकट स्वतः १९२२ मध्ये कैरोत उवांमुळे होणाऱ्या टायफसवर काम करताना त्याच तापानं गेला.

प्लेगचा जोर चालू असतानाच खानदेशातल्या लहान जनावरांची पहिली पद्धतशीर मोजदाद झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९११ मध्ये देशभराच्या सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. तिच्यामागं सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड होते. पाहणीची सुरुवात खानदेशातून झाली आणि पहिला अहवालही खानदेशचाच. सी. ए. क्रंप नावाच्या संग्राहकानं इथं सापळे लावले, मुंबई इलाख्याच्या वनखात्यातून निवृत्त झालेल्या आर. सी. रॉटन यांनी लंडनमध्ये बसून नमुने ओळखले आणि १९१२ मध्ये अहवाल छापून आला. मऊ केसांच्या शेतउंदराचं ‘मिलार्डिया’ हे कूळनाव मिलर्ड यांच्यावरूनच पडलं. मद्य विकणाऱ्या एका पेढीचा हा कारभारी, आणि त्याचं नाव कपाशीच्या वावरात बीळ करणाऱ्या उंदराला लागलं. मला ही जोडी फार आवडते.

त्या पाहणीत काय जपलं गेलं? कातडी आणि कवटी. प्रत्येकीच्या पायाला चिठ्ठी, चिठ्ठीवर गाव, तारीख, नर की मादी, शेपटीची लांबी. अंगावर काय होतं याला चिठ्ठीत जागा नव्हती, कारण प्रश्न उंदराचा होता. पण चिगर गार पडलेलं अंग लगेच सोडत नाही. म्हणून जुन्या वाळक्या कातड्यांच्या कानांतूनही पुढच्या अभ्यासकांनी चिगर काढले आहेत, आणि त्यांच्यावरून जाती ठरवल्या आहेत.

तिकडं पूर्वेला मात्र लोकांची नजर उंदरावर नव्हतीच. चौथ्या शतकातल्या चीनमध्ये गे हाँग या वैद्यानं दक्षिणेकडच्या नदीकाठच्या वाळूतल्या, जेमतेम दिसणाऱ्या लाल किड्यांबद्दल लिहून ठेवलं. ते चावले की ताप येतो आणि सुईच्या टोकानं काढावे लागतात, असं तो सांगतो. जपानात निगाता भागातल्या नद्यांच्या पूरपट्ट्यात उन्हाळ्यात कापणीला गेलेले शेतकरी या तापानं दगावत. तिथल्या लोकांनी या किड्याचा कोप शांत करायला छोटी देवळंसुद्धा बांधली. आपल्याकडे देवी आणि मरीआई, त्यांच्याकडे हा किडा, म्हणजे केदानी. १८१० मध्ये हाशिमोतो या वैद्यानं तापाचं वर्णन केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मियाजिमा आणि ओकुमुरा यांनी शेतातल्या उंदरासारख्या प्राण्याच्या कानात लाल पिल्लं बघितली, ती पाळली, त्यांचं मोठं होणंही बघितलं. जपानी शेतकऱ्याला पूरपट्टीतली जमीन आणि लाल किडा आधीपासून ठाऊक होते. शास्त्रज्ञांनी उंदीर नंतर जोडला. आपल्याकडचा क्रम याच्या नेमका उलटा.

मग सुमात्रा. तिथल्या देली भागात डच मळेवाल्यांनी जंगल तोडून तंबाखू लावला, की मजुरांना ताप यायचा. १९२२ मध्ये वाल्खनं तिथल्या चिगरचं वर्णन केलं आणि त्याला देलीचं नाव दिलं. लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स. भारतात स्क्रब टायफस पसरवणारी मुख्य जात आजही हीच. म्हणजे आपल्या बांधावरच्या तापाच्या वाहकाचं नाव तंबाखूच्या मळ्यांच्या मुलखावरून आलेलं आहे. मलायात तंबाखूच्या जागी तेलताडाचे मळे होते, बाकी कथा तीच. तिथं क्वालालंपूरच्या संशोधन संस्थेत एक मजेदार घोळ झाला आणि तो कामी आला. किंग्जबरी नावाचा डॉक्टर विलायतेहून टायफसच्या रक्तचाचणीसाठी प्रोटियस जिवाणू घेऊन आला. तो नेहमीचा वाण निघाला नाही. पण मळ्यातल्या तापकऱ्यांचं रक्त नेमकं त्याच वाणाला गोळा करायचं, शहरातल्या टायफसचं करत नव्हतं. मग शहरी आणि रानटी असे दोन टायफस वेगळे काढता आले. किंग्जबरीचं ‘के’ हे अक्षर त्या चाचणीत कायमचं राहिलं. आजही तालुक्याच्या लॅबच्या रिपोर्टवर ‘ओएक्स-के’ असा रकाना दिसतो. तो रकाना म्हणजे त्या चुकलेल्या कुपीची आठवण आहे.

त्याच संस्थेत लूथवेट यांच्याबरोबर एस. आर. सावूर नावाचे भारतीय संशोधक होते. मलायातला रानटी टायफस आणि जपानचा नदीकाठचा ताप हे दोन आजार नसून एकच आहेत, हे या दोघांनी दाखवून दिलं. १९४८ मध्ये क्लोरोमायसेटिन या औषधानं हा ताप दोन दिवसांत उतरतो असं सांगणारा गाजलेला निबंध आला, त्यातल्या लेखकांत सावूर आहेत. या आजाराच्या इतिहासात त्याच निबंधाचा मुख्य लेखक स्मॅडेल याचं नाव सगळीकडे सापडतं, सावूरांचं शोधावं लागतं.

त्याआधी चार वर्षं ब्रह्मदेशात माणसं या तापानं मरत होती. इम्फाळपलीकडच्या कबाव खोऱ्यात आणि उत्तर ब्रह्मदेशात लढणाऱ्या दोस्त फौजांना जपानी गोळ्यांइतकीच या तापाची धास्ती होती. औषध नव्हतं. शुश्रूषा आणि नशीब, एवढंच हातात. गणवेशाला किडे मारणारं द्रावण चोळून सैनिकांना रानात पाठवत. १९४५ मध्ये इम्फाळला क्षेत्रीय टायफस संशोधन पथक बसलं. त्यात जे. आर. ऑडी होता. या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत जवळचा वाटतो तो हाच माणूस, कारण त्यानं उंदराकडची नजर काढून जमिनीकडे वळवली.

ऑडीनं पाहिलं की दाट जंगलात हा ताप फारसा नाही, नांगरलेल्या स्वच्छ शेतातही नाही. तो आहे तोडलेल्या आणि सोडून दिलेल्या जमिनीत. जंगल कापलं, पीक घेतलं, जमीन टाकली, तिथं कमरेइतकं गवत माजलं, गवतात उंदीर आले, उंदरांबरोबर चिगर उतरले. तेही सगळीकडे नाही. दोन हातांच्या तुकड्यात मायंदाळ, आणि चार पावलांवर एकही नाही. त्यानं याला कोळ्यांची बेटं म्हटलं, आणि अशा आजारांना माणसानं स्वतः तयार केलेले आजार. १९६८ मध्ये त्याचं या लाल कोळ्यांवरचं पुस्तक आलं. पुढं ट्रॉब आणि विसमन यांनी १९७४ मध्ये हीच गोष्ट चौकडी म्हणून मांडली: जिवाणू, चिगर, उंदीर आणि तोडीनंतर माजलेली झाडी. चौघं एका जागी जमले तर ताप. एक जरी कमी पडला तरी नाही.

महाराष्ट्रात जमिनीकडे बघायची ही परंपरा पुण्याला पोचली. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं तिथं विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५७ मध्ये शिमोग्यात माकडं मरायला लागली, क्यासनूर जंगलाचा ताप उघड झाला, आणि केंद्राची माणसं रानात उंदीर, चिचुंद्र्या, गोचिडी गोळा करत फिरू लागली. पिंजऱ्यात आमिष घालून संध्याकाळी लावायचा, पहाटे उचलायचा, जनावर पांढऱ्या कापडी पिशवीत घ्यायचं, मग पांढऱ्या ट्रेवर ब्रशनं केस विंचरायचे. जे पडेल ते कुपीत. असं काम वर्षानुवर्षं केलं की कोळी ओळखता ओळखता उंदीरही ओळखू यायला लागतो. याच केंद्राचे ए. सी. मिश्रा आणि विजय धांडा यांनी १९७५ मध्ये सिंहगडावरचा उंदीर नवीन जात म्हणून जाहीर केला आणि त्याला कोंढाण्याचं नाव दिलं, मिलार्डिया कोंढाणा. मिलर्डचं नाव मिळालेल्या कुळात साठ-एक वर्षांनी मराठी किल्ल्याचं नाव बसलं, तेही किड्यांच्या पाठीमागं फिरणाऱ्या माणसांमुळे. कान्ह्यात वाघांचा अभ्यास करणाऱ्या जॉर्ज शॅलरच्या काळातही तिथल्या प्राण्यांच्या अंगावरचे परजीवी गोळा झाले आणि १९६६ मध्ये त्यांची यादी छापली गेली. मध्य भारतातल्या कोळ्यांबद्दल जे थोडं कागदावर आहे, ते असं दुसऱ्याच कामाच्या पदराला धरून आलेलं आहे.

तरीही रुग्णालयांत स्क्रब टायफसला डॉक्टर जवळजवळ विसरून गेले होते. क्लोरॅम्फेनिकॉल, म्हणजे तेच क्लोरोमायसेटिन, आणि टेट्रासायक्लिन सर्रास दिली जात होती तोवर हा ताप नाव न कळताच बरा होत असावा, असं मानायला जागा आहे. मग डॉक्टरांची प्रतिजैविकं बदलली. नवी औषधं महाग आणि जोरदार, पण पेशीच्या आत राहणाऱ्या या जिवाणूवर निष्प्रभ. विसाव्या शतकाच्या शेवटापासून वेल्लोर, शिमला, मग २०१२ मध्ये गोवा, असे अहवाल येऊ लागले. सगळ्यांत मोठा धक्का गोरखपूरचा. तिथं दर पावसाळ्यात मेंदूज्वरानं मुलं मरत आणि दोष जपानी मेंदूज्वराच्या विषाणूला जाई. डॉ. मनोज मुऱ्हेकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ च्या साथीतले नमुने तपासले, तेव्हा साठ टक्क्यांहून जास्त मुलांमध्ये स्क्रब टायफसचा संसर्ग दाखवणारी प्रतिद्रव्यं निघाली. इतकी वर्षं डासाकडे बघत होते आणि उत्तर गवतात होतं.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये नागपूर आणि उरलेल्या विदर्भात रुग्ण एकदम वाढले, मृत्यू झाले, आणि स्क्रब टायफस हे इंग्रजी नाव मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलं. सूचनाही आल्या: गवत कापा, परिसर स्वच्छ ठेवा, उंदीर मारा. पहिल्या दोन बरोबर. तिसरी प्लेगच्या काळातली. उंदीर मारले म्हणून मातीतली चिगरची पिल्लं मरत नाहीत. कान मिळाला नाही तर ती येईल त्या पायावर चढतात. पिसू असो की बेकोटी कोळी, आधी किडा आटोक्यात आणायचा आणि मग उंदीर, हा क्रम प्लेगवाल्यांनीच शिकवला होता. तो भाग मात्र आपल्या अंगवळणी पडला नाही.

धोका मोजायची रीत साधी आहे. काळी फरशी किंवा पत्र्याचा काळा तुकडा गवताच्या बुडाशी काही मिनिटं ठेवायचा. चिगर असतील तर नारिंगी ठिपके काळ्यावर चालताना दिसतात. उंदीर पकडून मोजायचे तर एका उंदरामागं सरासरी ०.६९ पेक्षा जास्त डेलिएन्स चिगर निघाले, तर त्या जागी तापाची भीती धरतात. मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत हे दिसणार नाही. बघायचं ते भाद्रपद-आश्विनात, ओलाव्याच्या जागी. नाल्याची कड, केळीच्या बागेतला पाट, दोन वावरांमधला रुंद बांध. ऑडीनं सांगितलेली तोडून सोडलेली जमीन खानदेशात अशी पट्ट्यापट्ट्यांनी आहे. जंगल नव्हे, वावरही नव्हे, दोन्हींच्या मधली.

गवत कापा असं सांगणं सोपं आहे. बांधावरचं ते गवत म्हणजे म्हशीचा चारा. ते कापलं जातंच, रोज, विळ्यानं, उकिडवं बसून, आणि भारा बांधून डोक्यावर घरी येतं. हे काम बहुतेक बायका करतात. चिगर चिकटतो तो जिथं कपडा अंगाला आवळून बसतो तिथं: साडीच्या निऱ्या खोचतात ती कंबर, परकराच्या नाडीखालची कातडी, जांघ, काख, छातीच्या खाली. काही दिवसांनी तिथं एक काळी खपली धरते, भोवती लालसर कड. ती दुखत नाही आणि खाजतही नाही, म्हणून बाईच्या लक्षात येत नाही. नंतर ताप, डोकेदुखी, अंगदुखी. दवाखान्यात बाई पदर सावरून बसते, डॉक्टर नाडी बघतो, घसा बघतो, मलेरिया-डेंग्यूची चाचणी लिहितो. खपली तशीच झाकलेली राहते. ती दिसली तर निदान जवळजवळ तिथंच होतं आणि डॉक्सिसायक्लिनच्या थोड्या पैशांच्या गोळ्या पुरतात. उशीर झाला, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं धरली, तर अतिदक्षता विभाग. तिथंही २०२३ मध्ये भारतातल्या सात केंद्रांवर झालेल्या चाचणीत दिसलं, की गंभीर रुग्णाला शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही दोन्ही एकत्र देणं एकेकट्यापेक्षा चांगलं.

म्हणून घरोघर फिरणाऱ्या आशाताईंच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढवायला हवा असं मला वाटतं. घरात उंदीर झालेत का, हे विचारून झालं की विचारायचं: गेल्या पंधरवड्यात चारा कापायला कुठल्या बांधावर बसला होतात? आणि आडोशाला नेऊन कंबर, काख, जांघ बघायची.